अजिंठा-वेरूळ, पण सवडीने

आमच्या केदारखेड्याहून सकाळी निघाले तर भोकरदनमार्गे अजिंठ्याची लेणी न्याहारीच्या वेळेपर्यंत गाठता येतात. इतकी जवळ असल्यामुळेच असेल, आमच्या घरातल्या कुणी ती कधी नीट पाहिली नव्हती. सम्मेदशिखरजी, पालिताणा, श्रवणबेळगोळ या यात्रा आम्ही रेल्वेची तिकिटे काढून, महिना-महिना आधी तयारी करून केल्या. अजिंठा आणि वेरूळ मात्र नेहमी 'पाहुणे आले की दाखवायचे' म्हणून राहिले. पाहुण्यांना दाखवायचे म्हणजे एका दिवसात दाखवायचे, हा आपल्या व्यापारी घरांचा अलिखित नियम आहे. दुकान एकच दिवस बंद राहू शकते, मग जीप भरून निघायचे आणि जे जे वाटेत येईल ते ते उरकायचे.

अशीच एक सहल आम्ही १९८७ च्या दिवाळीत केली होती. तिच्याविषयी सांगितल्याशिवाय या वर्षीच्या प्रवासाविषयी लिहिणे अपुरे ठरेल.

त्या दिवशी आम्ही लहानमोठे मिळून अकरा जण होतो. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, आयुष्यात पहिल्यांदाच दुकानाच्या कामाशिवाय गावाबाहेर पडले होते. सकाळी अजिंठा दोन-अडीच तासांत पाहिला. मग औरंगाबाद रस्त्याला लागून दौलताबादचा किल्ला खालूनच पाहिला. वेरूळला पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. कैलास लेण्यात गर्दी एवढी होती, की मुले हरवू नयेत याकडेच सगळे लक्ष. जैन लेणी तेथून उत्तरेला, टेकडीच्या पार टोकाशी आहेत. तेथे पोहोचेपर्यंत सूर्य मावळतीला टेकला होता. अण्णांना चौविहाराचा नियम होता. लेणी पाहावीत तर जेवण राहते, जेवावे तर लेणी राहतात, अशी वेळ आली. त्यांनी काही न बोलता झाडाखाली पंचा अंथरला आणि दशमी सोडली. माझी थोरली बहीण, अक्का, त्यांच्याजवळ थांबली. आम्ही बाकीचे धावत आत गेलो आणि दहा मिनिटांत धावत परत आलो.

जीपमध्ये अण्णांनी विचारले, "कशी आहेत?"

मी म्हणालो, "काही विशेष नाही. अंधारच होता सगळा."

त्यांना चुकल्याचे वाईट वाटू नये, हा माझा हेतू होता. पण ते पुन्हा तेथे गेले नाहीत. १९९४ साली ते वारले.

पुढे बँकेच्या नोकरीत बदल्यांच्या निमित्ताने मी बराच हिंडलो, वाचनही वाढले. वेरूळच्या चौतीस लेण्यांपैकी पहिली बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू आणि तीस ते चौतीस ही पाच जैन, हे कळले. त्यांतले बत्तिसावे, इंद्रसभा नावाने ओळखले जाणारे, जैन शिल्पकलेतील श्रेष्ठ लेण्यांमध्ये गणले जाते हेही कळले. ते वाचताना प्रत्येक वेळी जीपमधले माझे उत्तर आठवत असे.

सवडीने प्रवास कसा करावा, हे मला एका दूरच्या देशात समजले. दोन वर्षांपूर्वी आम्ही उभयता अमेरिकेत मुलाकडे गेलो होतो. तेथल्या नैर्ऋत्येकडील वाळवंटी प्रदेशात नद्यांनी कोरलेल्या प्रचंड दऱ्या आहेत. ग्रँड कॅन्यन ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. कोलोरॅडो नदीने कोरलेल्या या दरीची खोली सोळाशे मीटरांच्या घरात आहे. युटा राज्यात झायनची दरी आहे, तेथे व्हर्जिन नावाच्या छोट्याशा नदीने लाल वालुकाश्माच्या उभ्या भिंती कापून काढल्या आहेत. ही सारी राष्ट्रीय उद्याने आहेत आणि तेथे जगभरातून माणसांचे लोंढे येतात. मला वाटले, एवढ्या गर्दीत काय दिसणार?

पण आमच्या सूनबाईंनी आखलेला बेत पाहून मी थक्क झालो. एका दिवसात दोनच गोष्टी. सकाळी उजाडता उजाडता एक, दुपारी विश्रांती, उन्हे कलल्यावर दुसरी. मी म्हणालो, "एवढ्या लांब आलो आहोत, आणखी दोन ठिकाणे बसतील की." त्या हसून म्हणाल्या, "बाबा, बसतील. पण मग तुम्हाला बसायला मिळणार नाही." झायनमध्ये हंगामात दरीतल्या मुख्य रस्त्यावर खासगी मोटारी सोडत नाहीत. २००० सालापासून तेथे उद्यानाच्या बसगाड्या फिरतात. आम्ही पहाटेच्या बसने आत गेलो, नदीकाठच्या सपाट वाटेवर हळूहळू चाललो आणि एका बाकावर तासभर बसून राहिलो. सौ.चे गुडघे दुखतात. पण त्या दिवशी तिने गुडघ्यांविषयी एक शब्द काढला नाही. परतताना, दहा-साडेदहाच्या सुमारास, प्रवेशद्वाराशी मोटारींची लांबलचक रांग दिसली. एकच दरी, एकच दिवस. आम्ही शांतता घेऊन बाहेर पडत होतो आणि ती माणसे उन्हात उभी होती.

बाकावर बसल्या बसल्या मला वाघोरा नदी आठवली. अजिंठ्याची लेणीही अशाच एका दरीत आहेत. वाघोरेने नालेच्या आकाराचे वळण घेत सह्याद्रीच्या या फाट्यातला काळा बेसॉल्ट कापला आणि त्या उभ्या कड्यात माणसांनी लेणी खोदली. पहिला टप्पा इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकातला, दुसरा पाचव्या शतकातला, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातला. आपल्याकडेही फर्दापूरच्या फाट्यावर खासगी वाहने थांबवून बसने लेण्यांपर्यंत नेतात. व्यवस्था तीच, दरीही तशीच. कमी होती ती आमच्या बेतात.

परत आल्यावर मी बेत आखायला बसलो. बँकेत कर्जाच्या प्रकरणाची छाननी करावी तशी सहलीची छाननी केली, म्हणा ना. सोबत कोण, त्यांची प्रकृती कशी, नेमनियम कोणते, हे आधी लिहिले, ठिकाणे नंतर. अक्काचे वय आता बहात्तर. तिचे आणि सौ.चे गुडघे सारखेच. दोघींनाही सूर्यास्तानंतर जेवण नाही, उकळलेलेच पाणी, कंदमुळे वर्ज्य. सोबतीला धाकटा पुतण्या आणि त्याची दहा वर्षांची मुलगी.

मग तारखा. चातुर्मासात मोठा प्रवास करायचा नाही, हा घरचा शिरस्ता. पावसाळ्यात वाघोरेचा धबधबा भरून वाहतो हे खरे, पण वाटा निसरड्या होतात आणि गर्दीही लोटते. कार्तिकी पौर्णिमेनंतर चातुर्मास संपतो, पण तेव्हा आमच्या भागात मका आणि कापसाचा हंगाम जोरात असतो; पुतण्याला आडतीवरून हलता येत नाही. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली आणि नाताळच्या सुट्ट्या. उरला फेब्रुवारी. परीक्षा तोंडावर आल्याने सहली थांबतात, थंडी ओसरते, ऊन अजून तापत नाही. मात्र वेरूळला घृष्णेश्वराचे ज्योतिर्लिंग आहे. महाशिवरात्रीला तेथे पाय ठेवायला जागा नसते आणि सोमवारीही दर्शनाची गर्दी असते. पंचांग पाहून ते दिवस वगळले. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. ही साधी गोष्ट लक्षात न ठेवल्यामुळे फाटकावरून परतलेली किती तरी कुटुंबे मला ठाऊक आहेत. शनिवार-रविवार तर आम्ही विचारातच घेतला नाही.

शेवटी ठरले ते असे: बुधवारी अजिंठा, गुरुवारी विश्रांती आणि प्रवास, शुक्रवारी वेरूळ. तीन दिवस, दोन ठिकाणे.

पुतण्याने कागद पाहिला आणि म्हणाला, "काका, तीन दिवसांत तर शिर्डी, शिंगणापूर, दौलताबाद, बीबी का मकबरा, सगळं होतं. गुरुवार नुसता कशाला घालवायचा?"

"गुरुवार घालवायचा नाही, ठेवायचा आहे," मी म्हणालो. "गल्ल्यात मोड ठेवतोस ना, तसा."

व्यापाऱ्याच्या मुलाला हे लगेच पटले.

बुधवारी पहाटे निघालो. केदारखेड्याहून भोकरदनला जाताना दर वेळी मला एक गोष्ट आठवते. केळना नदीकाठचे हे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांवरील दानलेखांत भोगवर्धनच्या रहिवाशांचे उल्लेख आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या पंचक्रोशीतली माणसे इतक्या दूरच्या धर्मकार्याला दान देत होती. तेव्हा ना मोटार होती ना पक्का रस्ता. त्यांची सवड केवढी असेल! पुढे आन्व्याला 'मढ' म्हणून ओळखले जाणारे जुने शिल्पसमृद्ध मंदिर लागते. तेथे गाडी थांबवून आम्ही न्याहारी केली. पूर्वी असे थांबणे म्हणजे वेळ वाया, असे मीच म्हणालो असतो.

अजिंठा नऊ वाजता उघडतो. आम्ही पहिल्या बसगाड्यांपैकी एकीत होतो. वर चढण्यासाठी सुरुवातीलाच पायऱ्या आहेत. तेथे डोलीवाले असतात, खुर्चीला दांडे बांधून चौघे जण खांद्यावर नेतात. अक्का आधी तयार होईना. "माणसांच्या खांद्यावर बसून जाऊ का मी?" डोलीवाल्यांपैकी एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "आजी, तुम्ही बसला नाहीत तर आमची सकाळची बोहनी कशी व्हायची?" बोहनीचे नाव निघताच दुकानदाराची लेक असलेली अक्का निमूटपणे बसली. दर आधीच ठरवून घेतला आणि उतरताना अक्काने चौघांच्या हातावर आपल्या हाताने आणखी थोडे ठेवले.

तीस लेण्यांपैकी आम्ही चारच निवडली होती: एक, दोन, दहा आणि सतरा. चित्रे असलेल्या लेण्यांत माणसे थोडी थोडी करून सोडतात. श्वासातला दमटपणा त्या रंगांना सोसत नाही. फ्लॅश वापरायला मनाई आहे. पहिल्या लेण्यात शिरलो तेव्हा आत काळोखाशिवाय काही दिसेना. आमच्या पाठोपाठ आलेला एक घोळका मोबाइल उंचावून फिरला आणि निघूनही गेला. आम्ही भिंतीपासून अंतर राखून उभे राहिलो. पाच-सात मिनिटे गेली आणि भिंत हळूहळू उजळू लागली. वास्तविक उजेड वाढला नव्हता. बाहेरच्या उन्हातून आलेले डोळे आतल्या अंधाराला सरावत होते. आधी एक मुकुट दिसला, मग कललेली मान, मग हातातले निळे कमळ. तो पद्मपाणी होता. लहानगी कुजबुजली, "आजोबा, ते आत्ता आले का?"

त्या प्रश्नाने माझ्या छातीत काही तरी हलले. १९८७ साली मी दहा मिनिटांत बाहेर आलो होतो.

दहावे लेणे पाहिले. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीला आला असता पलीकडच्या कड्यावरून त्याला हे लेणे दिसले, असे सांगतात. आपले नाव त्याने आतल्या खांबावर कोरून ठेवले, ते आजही आहे. नाव कोरण्याची ही खोड आपल्या सहलींनाही लागलेली आहे. मुलांना ते दाखवून आपण काय करू नये हे समजावता येते. सौ.ला सव्विसाव्या लेण्यातली महापरिनिर्वाणाची भव्य मूर्ती पाहायची होती. ती आणि पुतण्या तिकडे गेले. अक्का आणि मी सावलीत बसून दरीकडे पाहत राहिलो. कुणालाही कुणासाठी मन मारावे लागले नाही, हा सवडीचा एक फायदा. दुपारी ऊन आणि गर्दी वाढू लागली तेव्हा आम्ही खाली उतरत होतो.

गुरुवारी उशिरा उठलो, आवरून रमतगमत वेरूळला गेलो आणि एवढेच केले.

शुक्रवारचा क्रम मी मुद्दाम उलटा ठेवला होता. वेरूळचे दार सूर्योदयाला उघडते. बहुतेक जण आल्या आल्या सोळाव्या लेण्याकडे, कैलासाकडे धावतात, आणि ते योग्यही आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, वरून खाली असे एकाच खडकातून कोरलेले हे मंदिर पाहताना शब्द थांबतात. आम्ही ते सकाळीच, गर्दी जमण्यापूर्वी पाहून घेतले आणि मुक्कामी परतलो. जेवण, विश्रांती झाली. जैन लेणी दुपारनंतरसाठी राखून ठेवली, कारण वेरूळचा कडा पश्चिमाभिमुख आहे आणि दुपार कलल्यावर उन्हे लेण्यांच्या आत शिरतात. त्या दिवसांत सूर्य साडेसहाच्या आसपास मावळतो. अडीच वाजता तेथे पोहोचायचे, पाचला निघायचे, साडेपाचला पान वाढायचे. ठेपले, दशम्या, कोरडी चटणी आणि उकळलेल्या पाण्याचा थर्मास गाडीत होताच. घड्याळ या वेळी आमच्या बाजूने होते.

जैन लेण्यांपर्यंत बस जाते, त्यामुळे अक्काला चालावे लागले नाही. बत्तिसाव्या लेण्याच्या दारातून आत शिरलो की अंगणात एकाच पाषाणातून कोरलेला मंडप आहे; त्यात चारी दिशांना मुख असलेल्या जिनप्रतिमा. एका अंगाला दगडी हत्ती, दुसऱ्या अंगाला मानस्तंभ. अक्का तेथेच हात जोडून थांबली. वरच्या मजल्याचा जिना कठीण आहे. "जमेल तेवढ्या पायऱ्या," मी म्हणालो. एकेका पायरीवर दम खात ती पूर्ण जिना चढली. कुणी मागे रेटत नव्हते, पुढे कुणी हाक मारत नव्हते.

वरच्या सभामंडपात आम्ही खांबाशी टेकून बसलो. आधी सगळा अंधारच होता. मग डोळे सरावले. गाभाऱ्यात भगवान महावीर दिसले. वटवृक्षाखाली हत्तीवर बसलेली आकृती दिसली; तिलाच इंद्र समजून लेण्याला इंद्रसभा हे नाव पडले, अभ्यासक तिला यक्ष मानतात. आंब्याच्या झाडाखाली सिंहावर बसलेली अंबिका दिसली, झाडाचे आंबेसुद्धा दिसले. कमठाच्या उपसर्गात अविचल उभे पार्श्वनाथ, अंगावर वेली चढलेले बाहुबली. छतावर मोठे कमळ आणि त्याच्या आसपास जुन्या रंगांचे अवशेष. उन्हाचा पट्टा फरशीवरून सरकत खांबांवर चढला तेव्हा खांबांवरची नक्षी जणू आत्ताच कोरल्यासारखी उठून आली.

बराच वेळाने अक्का म्हणाली, "भाऊ, हे एवढं सगळं इथे होतं?"

"होय."

"तू तर अण्णांना म्हणाला होतास, अंधार होता."

छत्तीस-सदतीस वर्षे तिने ते लक्षात ठेवले होते. मी म्हणालो, "अंधार नव्हता, अक्का. मी थांबलो नव्हतो."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "झाडाखाली जेवताना अण्णा मला म्हणाले होते, पुढच्या दिवाळीला दोन दिवस काढून येऊ. पुढच्या दिवाळीला हंगाम होता."

यापुढे आम्ही दोघेही काही बोललो नाही. लहानगी खाली अंगणात दगडी हत्तीभोवती फेऱ्या घालत होती; तिचा आवाज वर येत होता.

या लेण्यांच्या वर डोंगरावर पार्श्वनाथांची सुमारे सोळा फूट उंचीची मूर्ती आहे. तेथील लेखानुसार शके ११५६ मध्ये, म्हणजे इसवी सनाच्या तेराव्या शतकात, चक्रेश्वर नावाच्या श्रावकाने ती करविली. अक्काला तेवढी चढण शक्य नव्हती. तिने खालूनच नमस्कार केला आणि आम्ही ती वगळली. सवडीच्या प्रवासात काय पाहायचे हे ठरवणे सोपे; काय सोडायचे हे मनापासून ठरवणे अवघड, आणि तेच खरे काम. साडेपाचला त्याच परिसरात एका झाडाच्या सावलीत आम्ही दशमी सोडली. ते झाड तेच होते की नाही, हे अक्कालाही सांगता आले नाही.

आपल्या घरांतून दुकानाचा हिशेब चोख असतो. कोणत्या दिवशी कोणता माल येईल, कोणती उधारी कधी वसूल होईल, हे आपण महिनोन्महिने आधी जाणतो. तीच दूरदृष्टी घरच्या वडीलधाऱ्यांच्या प्रवासाला द्यावी, एवढेच वाचकांना सुचवावेसे वाटते. भावाभावांनी पाळी लावून घ्यावी, म्हणजे दुकान उघडे राहील आणि बुधवार-गुरुवारसारखे गर्दी नसलेले दिवस मिळतील. बंद असण्याचा वार, यात्रांचे दिवस आणि सूर्यास्ताची वेळ ही तीन टिपणे आधी करावीत. डोली, बस, बाक यांचा संकोच धरू नये. ठिकाणांची यादी करावी आणि तिच्यातली निम्मी खोडावी. आणि अंधाऱ्या लेण्यात शिरल्यावर निदान दहा मिनिटे काहीही न करता थांबावे.

पुतण्याने येताना गाडीतच पुढचा बेत काढला. त्याच्या आईला, माझ्या वहिनींना, वेरूळ दाखवायचे आहे. तो म्हणाला, "काका, दिवाळीला नेऊ का?"

मी म्हणालो, "दिवाळीला नको. तोवरही थांबू नकोस. हंगाम संपला की पहिल्या बुधवारी."